ओमान: खलूफच्या पुढच्या पांढऱ्या वाळूच्या बीचला जायचा रस्ता कुणाला माहितीये का?

सहकारनगर_फिरस्ता
नमस्कार मंडळी. डिसेंबरात मस्कतला ताईकडे चाललोय, मी आणि बायको. दाजींची जुनी पजेरो आहे, फोर बाय फोर आहे पण दाजी ती फक्त भाजी आणायला वापरतात, त्यामुळे वाळूचा अनुभव दोघांनाही शून्य. मला वहिबा वाळवंटातले टुरिस्टी कॅम्प, उंटावर फोटो वगैरे काही नकोय. मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू बघताना खाली खलूफ नावाचं कोळ्यांचं गाव दिसलं आणि त्याच्या दक्षिणेला पांढऱ्याशुभ्र टेकड्या थेट समुद्रात उतरतात, आसपास एक घर नाही, एक झाड नाही. तिथे रात्र काढायचीय.
प्रॉब्लेम असा की गूगल गावापर्यंत नेतं आणि हात वर करतं. दुसऱ्या एका ॲपमध्ये किनाऱ्याने तुटक रेघ दाखवतायत. आणि कुणीतरी टाकलेली एक पिन आहे ती बर अल हिकमान द्वीपकल्पाच्या सपाट भागातून आरपार रस्ता दाखवते, ते अंतर खूपच कमी पडतंय. यातला खरा रस्ता कुठला? कुणाकडे जीपीएस ट्रॅक असेल तर सोन्याहून पिवळं.

पेठी_शंका
एवढं लांब जाऊन झाड नसलेली जागा बघायची, बरं. आपल्याकडे मे महिन्यात पर्वतीवर दुपारी बारा वाजता फुकट मिळते.

मस्कतरिटर्न
वरच्यांकडे लक्ष देऊ नका. मी नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षं मस्कतला होतो, आता बाणेरला असतो, त्या बाजूला बऱ्यापैकी हिंडलोय. सविस्तर लिहितो.
पहिली गोष्ट, ती सपाट भागातली पिन आत्ताच्या आत्ता डिलीट करा. तो सगळा सब्खा आहे, म्हणजे वरून मिठाचा कडक पापुद्रा आणि खाली चिखल. लांबून क्रिकेटचं ग्राउंड वाटतं, गाडी घातली की पापुद्रा फुटतो आणि गाडी पोटावर बसते, आणि एकदा पोटावर बसली की चाकं फिरवून काही होत नाही, उलट खड्डा खोल होतो. वाळूत रुतलेली गाडी निघते, सब्ख्यात रुतलेली काढायला दिवस मोडतो. सॅटेलाइटवर राखाडी, ओलसर, गुळगुळीत दिसेल ते सगळं वर्ज्य समजा.
आता रस्ता. मस्कतहून आत घुसून सिनाव, तिथून सरळ खाली महूत (बोर्डवर हिजही दिसेल), मग खलूफ. सगळं मिळून चारशेच्या वर किलोमीटर, डांबरी आणि एकदम मस्त रस्ता, डावीकडे लांबवर वहिबाची वाळू राहते. सिनावला गुरुवारी सकाळी जनावरांचा बाजार भरतो, उंट पिकअपमध्ये चढवताना बघायला मिळतील, जमलं तर तो दिवस गाठा. सिनावला टाकी फुल करायची, हिजला परत टॉपअप, आणि पुढे काही मिळेल असं धरूच नका. मसिरा बेटाच्या फेरीसाठी लोक शन्नाला जातात तो रस्ता वेगळा आणि खलूफचा वेगळा, पाट्या बघत जा.
खलूफ गावातून बाहेर पडलात की रस्ता संपतो. म्हणजे पुढचा रस्ता म्हणजे बीचच. ओहोटीला पाणी मागे गेलं की ओल्या वाळूचा घट्ट पट्टा उघडा पडतो, त्यावरून किनारा धरून दक्षिणेला जायचं. तुमच्या ॲपमधली तुटक रेघ तीच. भरतीला ती रेघ पाण्याखाली असते, हे ॲप सांगत नाही! त्यामुळे ट्रॅक मागण्यापेक्षा आधी वेळ बघा. माझ्याकडे ट्रॅक आहे पण देऊन उपयोग नाही, वाळू दर मोसमात हलते.

सहकारनगर_फिरस्ता
बाप रे, सब्खा हा प्रकार माहीतच नव्हता, पिन उडवली. पण भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची? आणि एका गाडीने जमेल का?

मस्कतरिटर्न
एका गाडीने गावापर्यंत. पुढे नाही. याच्यात तडजोड नाही. ताईच्या ओळखीत मराठी मंडळी असतीलच, वीकेंडला वाळवंटात जाणारा एक तरी ग्रुप निघतो, त्यांना पकडा. भाड्याची दुसरी गाडी घेणार असाल तर इन्शुरन्सचा कागद नीट वाचा, ऑफरोड झालेलं नुकसान बहुतेक ठिकाणी कव्हर नसतं.

दर्यावर्दी
मी मूळचा गुहागरचा, आता कर्वेनगर. भरतीची वेळ काढायला ॲप कशाला लागतंय, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली की चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. आमच्याकडे आजोबा घड्याळ न बघता सांगायचे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग (म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी), कालनिर्णय घेऊन जा सोबत, झालं काम.

मस्कतरिटर्न
दर्यावर्दी काका, हिशोब आपल्या किनाऱ्यापुरता बरोबर आहे, तिकडे तो लावू नका प्लीज. भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्यावर वेगळ्या वेळी पोचते, किनाऱ्याचा आकार, खोली, सगळ्याचा फरक पडतो, वर तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. ओमानमध्ये पाऊणपट करून निघालात तर ऐन भरतीत बीचवर पोचाल. मसिरा किंवा दुक्मचं टाइड टेबल ऑनलाइन मिळतं, ते जवळचं, तेच वापरा, आणि तरी गावात पोचल्यावर कोळ्यांना विचारा.
पण काकांचा उधाण-भांगाचा मुद्दा एकदम कामाचा आहे, तो तिकडेही तसाच लागू. उधाणाला ओहोटी खूप आत जाते म्हणजे गाडीला रुंद पट्टा मिळतो, पण त्याच रात्री पाणी तेवढंच वर चढतं. म्हणून तंबू लावताना वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची शेवटची ओळ शोधायची आणि तिच्या चांगलं वर लावायचा. गाडी पण वर. लोक तंबू वर लावतात आणि गाडी खाली ठेवून झोपतात, काय म्हणायचं.

दर्यावर्दी
हे मान्य. आमच्याकडे पण उधाणाला होड्या वर ओढतात.

चाकं_चार
वाळूतल्या ड्रायव्हिंगचं मी सांगतो. इथे काशीदला, दिवेआगरला पोरं थार घालतात आणि मग ट्रॅक्टर शोधत बसतात (तसंही आपल्याकडे बीचवर गाडी घातली की पोलीस केस होते, बरोबरच आहे). नव्वद टक्के वेळा कारण एकच, हवा कमी केलेली नसते. डांबरावर 35 पीएसआय असेल तर बीचवर उतरायच्या आधी 15 ते 18 वर आणायची. टायर पसरतो, जमिनीवर टेकणारा भाग वाढतो, गाडी वाळूवर तरंगते. परत डांबरावर आलात की लगेच भरायची, कमी हवेवर हायवेला पळवलात तर टायर तापून फुटेल. म्हणजे गेज आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर पाहिजेच, ते मस्कतला मिळतं, पुण्याहून ओझं नेऊ नका.
बाकी फावडं, ओढायचा पट्टा आणि तो अडकवायची लोखंडी कडी (शॅकल), चाकाखाली घालायच्या रिकव्हरी ट्रॅकच्या दोन पट्ट्या. वळताना स्टिअरिंग झटकन फिरवायचं नाही, वाळूत ब्रेक दाबून थांबायचं नाही, पाय काढून गाडी आपोआप थांबू द्यायची आणि जमलं तर उतारावर तोंड करून. चाक फिरतंय पण गाडी हलत नाहीये असं वाटलं त्या सेकंदाला ॲक्सिलरेटर सोडा, उतरा, चाकापुढची वाळू काढा. इगो ठेवून रेझ करत बसलात की संपलं.
आणि दाजींना म्हणावं आधी मस्कतजवळ कुठेतरी वाळूवर एक सकाळ प्रॅक्टिस करा.

पेठी_शंका
दाजींना भाजी आणायला गाडी कुठली द्यायची तेही सांगा.

पक्षीवेडी
त्या सब्ख्याचा आणखी एक मुद्दा. बर अल हिकमान ही स्थलांतरित पक्ष्यांची फार मोठी जागा आहे, हिवाळ्यात लाखो पाणथळ पक्षी तिथल्या चिखलात खायला उतरतात, खेकडे खाणारा क्रॅब प्लोव्हर तर बघण्यासारखा. ओहोटी म्हणजे त्यांची जेवणाची वेळ, त्यामुळे बीचवरून जाताना थवा दिसला की मध्ये गाडी घालून उडवू नका, रीलसाठी तर अजिबातच नाही. ड्रोन नेणार असाल तर ओमानमध्ये परवानगी लागते, न घेता उडवू नका. दुर्बीण मात्र न्या.
अजून एक, लिहायचं राहिलं, डिसेंबरच बरोबर आहे. जून ते सप्टेंबर त्या किनाऱ्यावर आपल्याच नैऋत्य मोसमी वाऱ्याचा मारा असतो, समुद्र खवळलेला आणि वाळू तोंडात.

सहकारनगर_फिरस्ता
सगळ्यांचे खूप खूप आभार. ताईला फोन केला, तिच्या ऑफिसातल्या एका कुटुंबाकडे प्राडो (ती पण फोर बाय फोर) आहे आणि ते आधी जाऊन आलेत, ते यायला तयार आहेत. आता प्लॅन असा: गुरुवारी पहाटे निघायचं, सिनावला बाजार, दुपारी खलूफ, संध्याकाळपर्यंत बीचवर, शुक्रवारची रात्र पण तिथेच. चालेल ना? आणि लायसन्सचं काय?

मस्कतरिटर्न
दोन बदल करा. एक, तिकडे शुक्रवार-शनिवार वीकेंड असतो, त्या पांढऱ्या टेकड्या आता बऱ्याच लोकांना कळल्यात, तुम्हाला एकांत हवाय तर रविवार ते बुधवारातलं काहीतरी बघा, बाजार सोडून द्या. प्राडोवाल्यांना सुट्टी नाही मिळाली तर गुरुवारीच निघा, पण गर्दीतून आणखी पुढे जावं लागेल, आणि जितकं पुढे तितकं परतीला ओहोटीचं गणित कडक.
दोन, वार आधी ठरवून मग भरती बघू नका, उलटं करा. टाइड टेबलमध्ये असा दिवस शोधा की ओहोटीचा तळ दुपारी दोन-तीनच्या सुमारास येतोय. पाणी अजून उतरत असतानाच बीचवर उतरायचं, म्हणजे एखादी गाडी रुतली तरी हातात वेळ उरतो. रोज ती वेळ साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणजे परतीच्या दिवशी काय असेल तेही आधीच लिहून ठेवा. डिसेंबरात साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, अंधारात बीचवर गाडी नाही, आणि अंधारात हायवेला पण नाही, उंट मध्येच रस्त्यात उभे असतात आणि हेडलाइटमध्ये आधी फक्त पाय दिसतात.
गाडी उजव्या बाजूने चालवायची आहे हे लक्षात असू द्या, आणि 120 च्या वर गेलात की रडार फोटो काढतो. इंटरनॅशनल परमिट काढून घ्या, आपल्या आरटीओतूनच निघतं, ऑनलाइन अर्ज करता येतो, वर्षभर चालतं. दाजींच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये दुसरा ड्रायव्हर चालतो का तेही विचारा.
गावातून जाताना पूर्ण कपडे, बायकांचे फोटो नाहीत. कोळी लोक फार चांगले आहेत, त्यांच्या जुन्या टोयोटा पिकअप बीचवरूनच पळत असतात, त्यांच्या चाकोरीवरून गेलात तर निम्मं काम झालं. ताजी मासळी विकत मिळाली तर घ्या, पण चुलीला लाकडं मस्कतहून न्या, तिथे काडी मिळणार नाही. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा, वर एक जास्तीचा कॅन.

चाकं_चार
तंबूचे खुंटे वाळूत टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून दोरी बांधायची आणि ती पिशवी पुरायची.

सहकारनगर_फिरस्ता
टेबल बघितलं, मंगळवार बसतोय, प्राडोवाल्यांना विचारलंय. बायको म्हणतेय पहाट कुठल्या बाजूला होते तिथे, समुद्रात सूर्य उगवताना दिसेल का?

मस्कतरिटर्न
दिसेल, तो किनारा साधारण पूर्वेकडे बघतो. तंबूचं दार त्या बाजूला ठेवू नका पण, रात्री दव एवढं पडतं की सकाळी सगळं ओलं मिळेल, वरचं कव्हर नक्की लावा.