मदत हवी आहे : जत्रेच्या नाटकासाठी फोमच्या तलवारी – पाते डुलते, सांधे सुटतात, रंग पांढरट पडतो

नमस्कार मंडळी,

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावातून लिहितो आहे. आमच्याकडे देवीच्या जत्रेला दुसऱ्या रात्री गावकऱ्यांचे नाटक होते. मराठीच, आणि बहुतेक वेळा ऐतिहासिक. यंदाचे नाटक गावातल्याच एका निवृत्त मास्तरांनी लिहिले आहे, 1683 च्या फोंड्याच्या वेढ्यावर. पोर्तुगीज व्हाइसरॉय सैन्य घेऊन किल्ल्यावर आला आणि संभाजीराजे स्वतः किल्ल्याच्या मदतीला धावले, तो प्रसंग. मला सात तलवारी करायच्या आहेत. चार मराठ्यांच्या (दोन सरळ पात्याच्या धोप, दोन वाकड्या) आणि तीन पोर्तुगीजांच्या, अरुंद आणि लांब.

आमच्या नाटकांच्या तलवारी वर्षानुवर्षे माझे बाबा करायचे. शिवणीच्या लाकडाच्या, हलक्या आणि इतक्या गुळगुळीत तासलेल्या की अंधारात हात फिरवला तर लाकूड वाटू नये. आता त्यांचे हात थरथरतात, रंधा धरवत नाही, म्हणून गेल्या वर्षी काम माझ्याकडे आले. मी सुतार नाही, दिवसभर हिशेबाच्या वह्यांत असतो. प्लायवूड आणले, कापले, चंदेरी ऑइलपेंट मारला. रंगीत तालमीत बारावीतल्या एका मुलाच्या भुवईला पात्याचे टोक लागले. तीन टाके. डोळा बोटभर अंतरावर होता. त्याच्या आईने मला एका शब्दाने विचारले नाही, उलट घरी गेलो तेव्हा चहा दिला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना. त्याच दिवशी ठरवले की लढाईच्या प्रवेशात आता कठीण वस्तू नाही.

म्हणून फोम. म्हापशात चपलांच्या तळव्यांचे सामान मिळते, तिथून 10 मिलिमीटर जाडीचे ईव्हीए शीट आणले. दोन थर, मधे वायरिंगचा पीव्हीसी पाइप, रबरी गोंदाने (चांभार वापरतात तो पिवळा) चिकटवले. कडा कटरने तिरक्या कापून धार काढली. वरून पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे तीन हात, मग चंदेरी स्प्रे, शेवटी पारदर्शक लॅकर. पहिली तलवार गेल्या शनिवारी पुरी झाली. लांबून छान दिसली. मग एकेक सुरू झाले.

पाते डुलते. वार करून हात थांबवला तरी टोक दोनदा हलते, मासे पकडायच्या गरीसारखे. दुसऱ्या दिवशी दोन थरांमधला सांधा टोकाकडून सुटला. तिसऱ्या दिवशी लॅकरवर धुक्यासारखे पांढरट डाग. आणि जिथे पाते वाकते तिथे रंगाला बारीक भेगा. शिवाय मुठीवरून बोटांपुढे जाणारा जो कमानीसारखा पट्टा असतो, तो फोमचा केला होता, तो पहिल्याच तालमीत तुटला.

अजून एक, यावर कुणी विचार केला असेल तर जरूर सांगा. फोमवर फोम आपटला की थप्प असा आवाज येतो. उशी आपटल्यासारखा. प्रेक्षकांत शंभर लहान मुले पुढे बसलेली असतात, ती हसतील. संभाजीराजांच्या प्रवेशात हसू नये असे मला फार वाटते.

हातात पाच आठवडे आहेत. पाऊस अजून पुरता गेलेला नाही. हीट गन आहे, ड्रिल आहे, जागा म्हणजे घराचा सोपा.

फोमवेडी :

दादा, तुमचे हात चुकलेले नाहीत, हवा आडवी आली आहे. मी वास्कोला राहते, सात-आठ वर्षे फोमची चिलखते करते आहे, हे सगळे माझ्याबरोबर झालेले आहे.

रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटे थांबतो ना आपण, त्या वेळात त्यातले द्रावण उडून जाते. उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर बसते, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसे. डोळ्यांना दिसत नाही, पण मग थर एकमेकांना धरत नाहीत. लॅकरवरचे पांढरे डाग हाही तोच प्रकार. उपाय सोपा आहे. भर दुपारी काम करा, ऊन असलेल्या दिवशी, आणि जोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंवरून हेअर ड्रायर फिरवून फोम कोमट करा. दाबताना एका टोकापासून सुरुवात करून पुढे जा, एकदा बसले की सरकवता येत नाही. लॅकरही तसेच. पावसात स्प्रे मारायचाच नाही.

फेव्हिकॉल मात्र सोडा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो थर ओल धरून चिकट होतो, आणि सुकला की फोमइतका वाकत नाही, म्हणून भेगा. आधी हीट गन फिरवून फोमची छिद्रे बंद करा. योग्य ताप मिळाला की पृष्ठभाग किंचित चमकतो, तिथे थांबा, पुढे गेलात तर बुडबुडे येतात. मग लॅटेक्सचे, म्हणजे अमोनिया घातलेल्या रबराच्या दुधाचे, चार-पाच पातळ हात. परदेशात फोमच्या तलवारींनी खेळणारे लोक वर्षानुवर्षे हेच लावतात. पूर्ण सुकल्यावर टाल्कम पावडर चोळा, नाहीतर एका तलवारीचे पाते दुसरीला चिकटून बसेल. तेल लागू देऊ नका, रबर कुजते.

रंगाचे माझे मत ठाम आहे. चंदेरी स्प्रे नको. दिव्यांखाली तो पत्र्याच्या डब्यासारखा दिसतो. शेवटच्या दोन हातांच्या लॅटेक्समध्ये काळा ॲक्रिलिक मिसळा, आणि त्या काळ्यावर ग्रॅफाइटची पूड कापडाने घासा. पोलादाचा निळसर करडा रंग आपोआप येतो. फक्त धारेच्या कडेला चंदेरीचा पुसट हात द्या. लांबून बघणाऱ्याला ती उजळ रेघच धार वाटते. ग्रॅफाइट हाताला लागू नये म्हणून वर पुन्हा नुसत्या लॅटेक्सचा एक पातळ हात.

खिडक्या उघड्या ठेवा. गोंदाची वाफ डोक्यात जाते, आणि फोम घासताना मास्क लावा.

कांब_आणि_सुतळी :

पाइप काढून टाका. वायरिंगचा पाइप वाकण्यासाठीच केलेला असतो, त्याच्याकडून ताठपणाची अपेक्षा कशी करणार? आणि 20 मिलिमीटर जाड पाइप पात्यात घातला की पाते सोटा होते.

बांबू घ्या. जून, वाळलेला. कोवळा नको, त्यात भुंगा लागतो आणि जत्रेपर्यंत पिठासारखा भुगा पडतो. दोन सेंटिमीटर रुंद आणि चारेक मिलिमीटर जाड अशा दोन कांबी काढा. बांबूची ताकद बाहेरच्या सालीकडे असते, आतल्या पोटाकडे धागे विरळ. म्हणून दोन्ही कांबींची पोटे एकमेकांना चिकटवायची, साली बाहेर. अशी जोडी दोन्हीकडून सारखी ताठ राहते आणि दमट हवेत एका बाजूला वळत नाही. सुतळीने घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. मग फोमच्या दोन्ही थरांत चार-चार मिलिमीटर खोल चर कोरून ती आत बसवा.

दोन गोष्टी विसरू नका. कांब मुठीच्या शेवटपर्यंत गेली पाहिजे, मुठीपाशी तोडलीत तर तिथेच मोडणार. आणि टोकाच्या तीन इंच आधी ती थांबली पाहिजे. तिचे तोंड गोल घासून त्यावर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा बांधा. शेवटचे तीन इंच नुसता फोम. त्या मुलाच्या भुवईबद्दल तुम्ही लिहिलेले वाचले, म्हणून हे दोनदा सांगतो.

वाकड्या तलवारीसाठी कांबी सुट्या असतानाच एकेक विस्तवावर शेकून वाकवायच्या आणि थंड होईपर्यंत तशाच धरून ठेवायच्या, मग जोडायच्या. पोर्तुगीजांच्या अरुंद पात्यात कांब मावणार नाही, तिथे 8 मिलिमीटरची फायबरची भरीव सळी आणि पाच मिलिमीटरचा फोम. सळी कापताना कुसे हातात जातात, हातमोजे घाला.

बोटांपुढच्या पट्ट्यासाठी फोम कशाला? जुना चामडी कंबरपट्टा घ्या, अंगठ्याएवढी पट्टी कापा, दोन्ही टोके मुठीच्या गुंडाळीखाली दाबा. तुटणार नाही, आणि बोटांवर वार आला तर बोटेही वाचतील.

झांजवाला :

मी पेडण्याचा. दशावतारात वाढलो, म्हणून आवाजापुरते बोलतो.

तलवारीचा आवाज तलवारीतून यायला पाहिजे असे कोणी सांगितले? आमच्याकडे दोन पात्रांची लढाई होते तेव्हा पात्यांना पाते क्वचितच लागते. पखवाज चाल धरतो, आणि वार जिथे पडायचा तिथे झांज पडते. प्रेक्षकांचा कान आवाज झांजेतून घेतो आणि डोळा तो तलवारीवर नेऊन ठेवतो. लहान मुलेसुद्धा श्वास रोखून बघतात, हसत नाहीत. सत्तरी तालुक्यात घोडेमोडणीचा नाच पाहिला असेल तुम्ही, कमरेला घोडा आणि हातात तलवार, ढोल-ताशांवर नाचतात. तिथे तरी कोणाची तलवार कोणाच्या तलवारीवर आपटते? तरी लढाईचा आवेश येतोच ना.

तुम्ही असे करा. विंगेत एक माणूस बसवा, त्याच्या हातात लोखंडी पट्टीचे दोन तुकडे, सुतळीने टांगलेले, म्हणजे आवाज दबत नाही. त्याने नटांकडे बघायचे नाही, आकडे मोजायचे. नटांनीही तेच मोजायचे. एक-दोन-तीन-वार. पंधरा दिवस आधी सुरू केलेत तरच हे बसेल. आणि प्रत्येक वार समोरच्या माणसाच्या अंगाच्या हातभर अलीकडे थांबला पाहिजे, खांद्याच्या वर कधीच नाही. तलवार फोमची आहे म्हणून मुले जोरात मारायला लागतात, ते पहिल्या दिवशीच बंद करा.

फोमवेडी :

अजून एक राहिले. फोमची तलवार इतकी हलकी होते की नट ती काठीसारखी भिरकावतात. खरी तलवार साधारण किलोभर वजनाची, तिचा झोल हाताला कळतो आणि मनगट आपोआप आवरते. मुठीच्या मागची जी वाटी असते तिच्या आत चार-पाच लोखंडी वॉशर बसवा, वरून फोमने पूर्ण झाका. वजन मुठीकडे, पात्याकडे अजिबात नको. टोक आपसूक ताब्यात राहते.

धागाकर्ता :

तिघांचेही मनापासून आभार. सगळे वाचून काढले, मग वहीत उतरवून घेतले.

काल रविवार, ऊनही चांगले होते. एक धोप नव्याने केली. बांबू शेजारच्या काकांकडे दोन वर्षांपूर्वी तोडून माळ्यावर ठेवलेला मिळाला. पोटाला पोट लावून कांबी चिकटवल्या, टोकाला ट्यूब बांधली. ड्रायरने फोम गरम करून जोडला तो इतका घट्ट बसला की मी मुद्दाम उचकटून पाहिला, सांधा सुटला नाही, फोम फाटला. (तो तुकडा वाया गेला, पण खात्री पटली.) पाते आता डुलत नाही. लॅटेक्स म्हापशात मिळाले नाही, मडगावला कळवले आहे, तोवर रंग थांबवला.

झांजवाले दादा, तुमचे मास्तरांना वाचून दाखवले. ते म्हणाले की लोखंडी पट्ट्या नकोत, आपल्या देवळातला ताशेवाला बसवू, आणि वेढा फुटतो त्या क्षणी सगळे बंद. नुसती शांतता. मला वाटते ते बरोबर आहे.

संध्याकाळी तलवार बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती धरली, एकदाच हवेत फिरवली, हात थरथरतच होता, आणि म्हणाले, मूठ बोटभर लांब झाली आहे. आपल्याकडच्या जुन्या तलवारींची मूठ आखूड असते, पंजा वाटी आणि आडव्या पट्टीच्या मधे घट्ट अडकतो, त्यामुळे तलवार हातात फिरत नाही. मी मोजले, त्यांचे बरोबर होते. माझ्या हातात ती सरकत होती आणि मी समजत होतो की गुंडाळी गुळगुळीत झाली म्हणून.

तर आता शेवटचा प्रश्न, मुख्यतः कांब_आणि_सुतळी यांना. वाटी, वॉशर, चामडी पट्टी सगळे बसवून झालेले आहे आणि कांब वाटीच्या आतपर्यंत गेलेली आहे. पूर्ण मूठ न उसवता ती बोटभर आखूड करता येईल का? की वाटीच्या आतल्या बाजूला फोमची चकती घालून जागा भरू? बाकी सहांच्या मुठी मी आताच बाबांच्या मापाने कापतो आहे.