बेस्टचा तोटा नक्की भरायचा कोणी?

डेपोसमोर_राहणारा
मे २०२५ ला मुंबईत बेस्टच्या बसचं मिनिमम तिकीट ५ चं १० झालं, एसीचं ६ चं १२. ऑफिसात एक जण म्हणतो बरं झालं, मी बसने जात नाही मग माझ्या टॅक्समधून कशाला. पण तिकिटातून खर्च निघतच नाही तर बाकीचे पैसे येणार कुठून? आणि भाडं डबल करून आमच्या स्टॉपवर बस काय वाढली नाही, लोक वाट बघून बघून शेवटी शेअर रिक्षात बसतात.

मिलनकाका
अरे बेस्ट वीजपण पुरवते ना, पूर्वी तो वीज विभाग भरायचा की. नंतर तर बसचा तोटा वीजबिलात वेगळा लावायला लागले. गंमत म्हणजे बेस्टची वीज कुलाबा ते माहीम-सायन एवढीच आणि बस पार मुलुंड बोरिवलीपर्यंत, म्हणजे गिरगावातल्या म्हातारीच्या बिलात बोरिवलीची बस! ते बंद झालं ते बरोबरच होतं, पण त्याच्या जागी पक्की सोय कोणीच केली नाही. आता दरवर्षी महापालिकेच्या दारात हात पसरायचे.

स्वारगेट_लोकल
आमच्याकडे पुण्यात पीएमपी बसचा तोटा पुणे मनपा ६० टक्के आणि पिंपरी चिंचवड ४० टक्के उचलते, ठरलेलं आहे. बस वेळेवर येते असं नाही हां, पण निदान कोणी किती द्यायचं यावर दरवर्षी भांडण नको.

कंडक्टरचा_मुलगा
नुसते पैसे ओतून पण होणार नाही. भाडेतत्त्वावरच्या गाड्यांमध्ये बस आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचा, बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देते. त्याने ड्रायव्हरचा पगार थकवला की काम बंद, आणि बेस्टकडे स्वतःच्या गाड्या राहिल्यात किती? २०१९ ला तिकीट ८ चं ५ केलं तेव्हा गर्दी परत आली होती, पण जुन्या गाड्या भंगारात गेल्या तेवढ्या नवीन आल्याच नाहीत. मग भाडं ५ असो की १०, फरक काय?

मिलनकाका
@कंडक्टरचा_मुलगा पटलं. पण २०२५-२६ चं महापालिकेचं बजेट ७४ हजार कोटींच्या वर, त्यात बेस्टला १ हजार कोटी. कोस्टल रोडवर १३ हजार कोटींच्या वर गेले, तिथे टोल पण नाही, त्याचा तोटा कोणी मोजला का? @डेपोसमोर_राहणारा त्या ऑफिसवाल्याला विचार, गाडीने येतो ना तो?

डेपोसमोर_राहणारा
गाडीनेच येतो 😄 आणि पार्किंग कंपनी देते