शिष्यवृत्ती, कमवा-शिका, शैक्षणिक कर्ज : तुमचे अनुभव सांगा

सई_कोथरूड
काल भाचीचा महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवरचा, फॉर्म भरायला बसलो. उत्पन्नाचा दाखला मिळाला, पण आधारला जोडलेला नंबर तिच्या वडिलांचा. ते शेतात, फोन घरी चार्जिंगला. ओटीपीची वाट बघत बसल्या बसल्या माझं 'कमवा व शिका' आठवलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या कण्यावर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम होतं. डिंक नखांत जाऊन बसायचा, मेसमध्ये भात कालवताना बोटं चिकट. तासावर पैसे, हजेरीच्या वहीत सही. महिनाअखेरीला मेसवाल्या काकूंच्या हातात पैसे ठेवताना जे वाटायचं ते पुढे पहिल्या पगारालाही वाटलं नाही. तुमचं कसं भागलं? लिहा.

दगडूशेठचा_शेजारी
आमच्याकडे बागकाम होतं. खुरपं घेऊन बसलेलो, समोरून वर्गातल्या मुली. पहिले दोन दिवस तोंड लपवलं, मग त्यांच्यातलीच एक नाव नोंदवून शेजारच्या वाफ्यात आली 😄

मराठवाडी_माणूस
लजपतराय भवन, सेनापती बापट रस्ता. विद्यार्थी साहाय्यक समिती. समितीवाले कोणी आहेत का इथे? गावाकडच्या गरजू मुलांना वसतिगृह देणारी, अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली संस्था, नाहीतर मी आज गावात टमटम चालवत असतो. मुलाखतीला वडील धोतरात आले होते. किती जमीन विचारल्यावर म्हणाले, "जमीन हाय, पानी न्हाई." झाली निवड. आमची कामाची पाळी लागायची, मला भाजी निवडायला द्यायचे. मेथी आजही बायकोपेक्षा भरभर निवडतो.

आजोबांची_नात
माझे पणजोबा पुण्यात वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. गुरुवारच्या घरी तूप मिळायचं म्हणून ते गुरुवारी आजारी पडत नसत, असं आजी सांगायची. शिष्यवृत्तीच की ही पण!

नितीन_वाकड
कर्जाचं कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. परदेशात एमएस. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते, मग बाबांच्या फ्लॅटचे कागद ठेवले. आईने ते देवघराच्या कपाटातून काढून दिले, काही बोलली नाही. आणि मुलांनो, शिकत असताना हप्ता नसतो म्हणजे व्याज नसतं असं नाही. ते पहिल्या दिवसापासून चालूच असतं. जमेल तेवढं व्याज तेव्हाच भरत जा. नोकरी लागल्यावर आयकरात या व्याजाची वजावट मिळते, आठ वर्षं, पण जुन्या करप्रणालीत. नव्यात नाही.

सई_कोथरूड
@नितीन आईचं वाचून गलबललं.

घाईत_आहे
कुकर लावलाय, थोडक्यात विचारते. मुलींना फी माफ ना? मग कॉलेजवाले आधी पूर्ण भरा, नंतर परत देऊ म्हणतात. एवढे कुठून आणायचे?

फॉर्मवाली_ताई
@घाईत_आहे २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा), ओबीसी मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफी आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. 'आधी भरा' म्हटलं तर कशाबद्दल ते लेखी मागा. लेखी मागितलं की आवाज आपोआप खाली येतो. वसतिगृह, मेस यात धरत नाहीत. त्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता बघा, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना. आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आधी तपासा, मंजूर झालेले पैसे तिथेच अडकतात.

घाईत_आहे
ताई देव भलं करो. शिट्टी झाली, पळते.

मराठवाडी_माणूस
पैसे येतात हो, पण परीक्षा होऊन गेल्यावर! मधले महिने मित्रांच्या उधारीवर. माझ्या रूममेटची शिष्यवृत्ती जमा झाली तेव्हा तो पास होऊन नोकरीला लागला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून ती मिसळीत उडवली.

दगडूशेठचा_शेजारी
मिसळ कुठली? हे महत्त्वाचं.

मराठवाडी_माणूस
नाव सांगितलं तर धागा पेटेल.

आजोबांची_नात
मेसचं निघालंच आहे तर, रविवारी संध्याकाळी मेस बंद हा नियम पुण्यात कोणी काढला? दुपारी फीस्ट म्हणून दोन गुलाबजाम आणि रात्री उपाशी.

नितीन_वाकड
आम्ही दुपारच्या पोळ्या वहीत दडवून आणायचो. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची वही, मोठी असते.

सई_कोथरूड
😂😂 शीटवर तेलाचे डाग पडायचे त्याचं काय?

नितीन_वाकड
सर म्हणायचे सबमिशनला पोळी पण जोडली असतीस तर दोन मार्क वाढवले असते.