विडरशिन्स म्हणजे नेमकं काय?

डावखुरी आजी:
लेकीच्या बाळंतपणासाठी ॲबर्डीनला आलेय. शेजारी एक ऐंशीच्या घरातल्या स्कॉटिश बाई राहतात. काल सकाळी त्यांच्याकडे ओट्सची पेज ढवळत होते. (त्या पोरिज म्हणतात. दूध नाही, साखर नाही, नुसतं पाणी आणि मीठ. माझ्या लेखी ती पेजच.) ढवळायला लाटण्याहून बारीक लाकडी दांडका, त्याचं नाव स्पर्टल. मी डावखुरी, हात आपसूक उलटा फिरतो. बाईंनी लगबगीने येऊन माझं मनगटच धरलं, "नॉट विडरशिन्स, डिअर!"

जावयांना विचारलं, तर म्हणाले, "अँटिक्लॉकवाइज हो, आई." मग बाई तसं का नाही म्हणाल्या? हा शब्द आला कुठून? शिन म्हणजे नडगी ना? पेजेत नडगी कुठली?

जुनी वही:
नडगी नव्हे :) हे स्कॉट्स भाषेतलं क्रियाविशेषण. मूळ मध्ययुगीन जर्मनमध्ये: 'विडर' म्हणजे विरुद्ध, 'सिन' म्हणजे वाट, दिशा. उलट्या वाटेने. हा विडर इंग्रजी 'विथ'चा भाऊबंद. 'विथ'चा जुना अर्थ 'विरुद्ध' असाच होता, 'विथस्टँड'मध्ये तो अजून तग धरून आहे.

मला यातली आवडती गोष्ट म्हणजे जुन्या वापरात गोल फिरणं नाहीच. स्कॉटिश कवी गॅव्हिन डग्लसने १५१३ मध्ये व्हर्जिलचं लॅटिन महाकाव्य 'ईनिड' स्कॉट्समध्ये आणलं, त्यात घाबरलेल्या माणसाचे केस 'विडरसिन्स' उभे राहतात! पुढे लोकांना 'सिन'मध्ये सूर्य ऐकू यायला लागला आणि 'सूर्याच्या उलट' हा अर्थ पक्का झाला. चर्चला उलटा फेरा घालणं अशुभ, चेटकिणी तशाच नाचतात, वगैरे समजुती आहेतच. तुमच्या शेजारणीला नुसती दिशा सांगायची नव्हती, अपशकुन टाळायचा होता.

फुकट फौजदार:
म्हणजे आपलं अपसव्य की! श्राद्धाला गुरुजी "अपसव्य" म्हणाले की माझं जानवं हमखास भलत्याच खांद्यावर. एवढ्या गोष्टीला सव्यापसव्य का म्हणतात ते तेव्हा कळतं.

जुनी वही:
+१. आणि विडरशिन्सचा विरुद्धार्थी शब्द तर आपल्या नात्यातला निघतो. स्कॉटिश गेलिक या तिथल्या दुसऱ्या भाषेत सूर्य फिरतो त्या दिशेने फिरणं म्हणजे 'जेशिल'. तो 'जेस'वरून आला, आणि 'जेस' म्हणजे उजवा आणि दक्षिणही. संस्कृत 'दक्षिण'चेही हेच दोन अर्थ. उगवतीकडे तोंड करून उभं राहा, उजवा हात दक्षिणेला येतो. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, लॅटिन 'डेक्स्टर'ही त्यातलाच. तुमच्या शेजारीणबाई स्पर्टलने पेजेला प्रदक्षिणा घालतात असं समजा.

डावखुरी आजी:
आज बाईंना हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. प्रदक्षिणा करून दाखवली, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती. शंकराला मात्र पूर्ण घालत नाहीत, गोमुख ओलांडायचं नाही, तिथून मागे फिरायचं, हेही टेबलाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन दाखवलं. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे परत येताना विडरशिन्स?"

म्हटलं, हो, पण फक्त शंकराला.

पेज मात्र आजही त्यांनी मला उजव्या हातानेच ढवळायला लावली. मनगट भरून आलंय.