आरमार खाडीत 'नांगरलं' म्हणजे काय केलं?

वैनगंगाकाठ
मंडळी, एका शब्दापाशी आमची तालीम अडली आहे. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेसाठी आमच्या गावात विजयदुर्गावरचं नाटक बसतंय. खाडीकाठी जहाजं बांधणाऱ्या एका सुताराचं घर आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं तो प्रसंग. म्हातारा सुतार म्हणतो, "आमच्या गुराबा, गलबतं खाडीत नांगरलेली होती, तिथंच जळाली." तालीम बघायला बसलेल्या एका काकांनी तिथंच थांबवलं. "नांगरली म्हंजे? पाण्यात नांगर कोन चालवते?" पुढं "तांडेलानं नांगर टाकला" (तांडेल म्हणजे खलाशांचा मुकादम) असं वाक्य येतं, तर निम्म्या लोकांना वाटलं की त्यानं शेती सोडली. मंडळातले दोघं म्हणतात, 'लंगर' करून टाका. माझं मत, नांगर हाच आपला शब्द, तो राहावा. काय करावं?

खारपाण
लंगर नका करू भाऊ. आमच्या अकोल्याकडं लंगर म्हटलं की लोकाईले नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातलं जेवन आठवते. तांडेलानं लंगर टाकला म्हनसान तर पब्लिक पंगतीले बसन.

जुनीपोथी
मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत, हे कुणी सांगत नाही. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'पासून प्राकृतातून आला. जहाजाचा नांगर म्हणजे फारसी 'लंगर'. मराठीच्या तोंडात दोघांचा उच्चार एक झाला, एवढंच. गुरुद्वाऱ्यातला लंगरही तोच फारसी शब्द. सूफींच्या खानकाहांतल्या अन्नछत्रालाही लंगरच म्हणत. तेव्हा 'आपला शब्द' हा आग्रह निदान या जागी टिकत नाही. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्याच वाटेनं जायचं तर 'नौबंध' असा शब्द घडवावा. अर्थ ऐकताक्षणी कळतो.

धानबांधी
गुरुजी, आदरानं विरोध करतो. महाराजांच्या त्याच आरमारात दर्यासारंग नावाचा अधिकारी होता. दर्या फारसी, सारंगही फारसीतून आलेला. आरमार हा शब्द पोर्तुगीजांच्या 'आर्मादा'वरून. गुराब अरबी, तिकडे त्याचा अर्थ कावळा असाही होतो. सुकाणू अरबी, खलाशी अरबी. नाखवा म्हणजे फारसी 'नाखुदा', नावेचा धनी. हे सगळे गाळले तर त्या म्हाताऱ्या सुताराच्या तोंडी ठेवणार काय? समुद्रावर शब्द वाऱ्याबरोबर येतात. किनाऱ्यावरच्या माणसानं ते वापरून वापरून आपले केले, त्याचा हक्क आपण इथं गोंदियात बसून का काढून घ्यायचा? 'नौबंध' कुठल्या कोळ्यानं कधी म्हटलंय?

जुनीपोथी
कोळ्यानं म्हटलं नाही म्हणून शब्द घडवूच नये, असं नाही. 'महापौर' तरी आधी कुणाच्या तोंडी होता?

माहेर मालवण
मी लग्न होऊन चंद्रपूरला आले, माहेर मालवणचं. जरा वस्तू बघा, मग व्युत्पत्ती. जुन्या काळी नांगर दगडाचे असत. असे दगड कोकण किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाशी सापडलेत. उभा, चौकोनी घडवलेला दगड, वरच्या टोकाला निमुळता. वर दोरासाठी एक गोल भोक. खाली दोन चौकोनी भोकं, एकमेकांना आडवी. त्यांत लाकडी दांडे घुसवायचे, तेच तळाच्या रेतीत रुततात. दांडा कुजला की नवा घालायचा, दगड तोच. आमच्या काकांच्या उलांडीच्या (बाजूला तोलाचं लाकूड बांधलेल्या) होडीवर चार आकड्यांचा लोखंडी नांगर होता. ओहोटीची ओढ जास्त असली की तो तळावरून सरकत जायचा, आणि उथळ, स्वच्छ पाण्यात रेतीवर त्याची रेघ दिसायची. ती रेघ बघितल्यावर हा नांगर आणि तो नांगर वेगळे, असं मला कुणी पटवू शकत नाही.

आणखी एक. आमच्या घरी नांगर टाकतात आणि उचलतात. 'होडी नांगरली' मी तिथं फारसं ऐकलं नाही, ते पुस्तकांत जास्त. पण ही फक्त माझ्या घरची गोष्ट.

खारपाण
व्वा ताई! म्हंजे ते तास पडते ना, तसंच. शेतकऱ्यानंच समुद्रावर जाऊन त्याले नांगर म्हटलं असन. मले तं हेच खरं वाटते.

जुनीपोथी
गोड कल्पना आहे, पुरावा नाही. ल आणि न यांची अदलाबदल मराठीत नेहमीची. निंब आणि लिंब दोन्ही चालतात. नवनीताचं लोणी झालं. लाङ्गलाचा नांगर झाला. तसाच लंगराचाही होऊ शकतो, त्याला तास पाडायची गरज नाही.

माहेर मालवण
होऊ शकतो आणि झाला, यांत फरक आहे गुरुजी. घरात नांगर हा शब्द आधीच असताना माणूस 'लंगर' ऐकेल तर त्याच्या कानात काय पडेल?

वैनगंगाकाठ
दोघांचंही पटतंय, पण काकांना काय सांगू? ते म्हणतात, समुद्र न पाहिलेल्या माणसाला हे नाटकच कळणार नाही.

धानबांधी
का नाही कळणार? गावोगावच्या भजनात 'तारू लागले बंदरी' म्हणतात. तुकोबांचं तारू चंद्रभागेच्या तीराला लागतं आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना त्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. शिवाय नागपूरकर भोसल्यांकडं १७५१ पासून ओडिशाचा किनारा होता, बालासोर बंदरासकट. १८०३ च्या देवगावच्या तहात तो गेला. अर्धशतक ज्यांचं राज्य समुद्राला भिडलेलं होतं, त्यांच्या मुलखाला समुद्र परका कसा?

तुमच्या नाटकासाठी एक सांगतो. गुराब आणि गलबत एकच समजून चालू नका. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, निमुळती निघालेली, तोफा जड. गलबत लहान, ४०-५० वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतंच गुराबेला ओढून नेत. सुतार हे दोन शब्द एका दमात उच्चारणार नाही, त्यानं दोन्ही आपल्या हातानं बांधलेली असतात.

इंद्रावतीपार
भामरागडकडचा माणूस बोलतो. आमच्याकडं पावसाळ्यात नदी चढली की डोंग्याशिवाय पलीकडं जाणं नाही. एका खोडाचा, आतून पोखरलेला. बांबू टेकवत न्यायचा. त्याला नांगर नसतो, काठावर खुट्याला बांधतात. नाटकात 'खुट्याला बांधलेली' म्हणा, सगळ्यांना कळेल.

धानबांधी
तीन डोलकाठ्यांची गुराब खुट्याला? नाही दादा, चित्रच बदलतं. खाडीच्या मध्ये उभं असलेलं जहाज आणि काठाला बांधलेला डोंगा, यांत त्या प्रसंगाचा सगळा फरक आहे.

जुनीपोथी
डोंगा निघालाच आहे तर विचारतो. चोखोबा म्हणतात 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा'. तिथं डोंगा म्हणजे वाकडा. चोखोबा आपल्या बुलढाण्यातल्या मेहुणा राजाचे, म्हणजे हा शब्द आपल्याच मातीतला. नावेला डोंगा म्हणायचं कारण हेच असावं का? दोन्ही टोकांना वर वाकलेली म्हणून?

इंद्रावतीपार
नाही गुरुजी. डोंग्यासाठी खोड सरळच बघतात. वाकडं घेतलं तर तो पाण्यात गरगर फिरतो. वाकड्यावरून नाव पडलं असेल, असं करणारा माणूस म्हणणार नाही.

माहेर मालवण
आमच्याकडं एका खोडाच्या होडीला डोणी म्हणतात. ते संस्कृत द्रोणीवरून, असं शाळेत सांगायचे. डोंगा त्याचाच भाऊ नसेल?

खारपाण
द्रोन तं पयसाच्या पानाचा असते ना? त्याचा नावेशी काय संबंध?

जुनीपोथी
पानाचा द्रोण नंतरचा. द्रोण म्हणजे आधी पोखरलेलं लाकडी भांडं. गुरांना पाणी पाजायची डोण त्यातूनच आली. डोणीचं मान्य करतो. डोंग्याचं मात्र नाही, 'ण'चा 'ंग' होण्याला दुसरं उदाहरण दाखवा.

माहेर मालवण
उदाहरण शोधते. तोवर इंद्रावतीपार दादांना एक विचारायचंय. फळ्यांच्या होडीत आम्ही सांध्यात कापूस ठासतो, वरून राळ आणि तेल. तुमच्या डोंग्याला सांधाच नाही, मग भेग पडली तर काय भरता?

इंद्रावतीपार
लहान भेग असेल तर चिंध्या आणि डांबर. मोठी असेल तर वरून पत्र्याची पट्टी ठोकतो.

खारपाण
कापूस ठासते म्हनता! ताई, तो कापूस सरकी काढलेला लागते का सरकीसकट? आन् त्या ठासन्याले तुमच्याकडं शब्द काय?