सल्ला हवा: रोमन ताईत आणि रक्षाचिन्हे पाहण्यासाठी नेपल्स की रोम?

लेकीच्या बारशाला आजीने तिच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या घातल्या, तेव्हापासून इतर देशांत पूर्वी मुलांना दृष्ट लागू नये म्हणून काय घालत असत, याविषयी मी वाचत आहे, आणि त्यात प्राचीन रोमने मला सर्वाधिक गुंतवून ठेवले. पुढच्या महिन्यात इटलीत जेमतेम दोन दिवस मोकळे मिळणार आहेत. कुठे जावे आणि नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आठवण म्हणून एखादा दागिनाही घ्यायचा आहे.

प्रतिसाद १

नेपल्सलाच जावे. तिथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातील ‘गुप्त कक्ष’ २००० साली सर्वांसाठी खुला झाला. त्यात ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई आणि हर्क्युलेनियम या रोमन नगरांतील टांगत्या काशाच्या घंटा आहेत: मधोमध पंख फुटलेली लिंगाकृती आणि तिच्याखाली साखळ्यांना लोंबणाऱ्या लहान लहान घंटा. पाहताना संकोच वाटेल, परंतु रोमनांच्या लेखी हे चिन्ह रक्षणाचे होते. पहिल्या शतकातील रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो की, हा ‘फॅसिनस’ (म्हणजे हेच लिंगचिन्ह) तान्ह्या बाळांना तसेच सेनापतींनाही राखतो, आणि विजययात्रेत रथाखाली टांगलेला असताना तो मत्सरावरचा उताराच ठरतो. दृष्टीच्या मुळाशी मत्सर असतो, ही समजूत आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. संग्रहालय मंगळवारी बंद असते.

प्रतिसाद २

नेपल्सविषयी सहमत आहे, मात्र मुलांचे ताईत हाच आपला विषय असल्याने रोममधील ‘आरा पाचिस’ ही वेदी चुकवू नये. इ.स.पू. ९ मध्ये अर्पण केलेल्या या वेदीवरील मिरवणुकीत लहान मुलेही कोरलेली आहेत. त्यांच्या गळ्यात ‘बुल्ला’ शोधावा. दोन फुगीर पत्रे जोडून केलेल्या या पोकळ पदकात ताईत ठेवत. श्रीमंताघरी ते सोन्याचे, गरिबाघरी चामड्याचे असे. मुलगा वयात आला की ते उतरवून घरच्या ‘लारेस’ देवतांना वाहिले जाई. मुलींच्या गळ्यात चंद्रकोरीचा ‘लुनुला’ असे.

दागिन्यात पोवळे घ्यावे. बाळांच्या रक्षणासाठी पोवळ्याच्या फांद्या बांधत, असे प्लिनीनेच नोंदवले आहे; शिवाय रोमला भारतीय मोत्यांचे जेवढे मोल, तेवढेच भारतीयांना पोवळ्याचे, असेही तो म्हणतो. त्या काळी गुजरातच्या भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळे होते, आणि पैठण व तेरचा माल त्याच बंदरातून बाहेर जात असे. नेपल्सजवळचे तोरे देल ग्रेको हे पोवळ्याच्या कारागिरीचे जुने गाव आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पहिला दिवस नेपल्सला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरा पाचिस, असे ठरवले आहे. पोवळ्याचा एक मणी मनगट्यांत ओवता येईल का, हे आजीला विचारते.