मदत हवी आहे: याहूच्या सदस्यांची पत्रे गटामार्फत जीमेलवर पोहोचत नाहीत

आमचा सुमारे साडेतीनशे सदस्यांचा मराठी ईमेल चर्चागट मेलमन २.१ या ईमेल-गट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतो. सर्व्हर भाड्याचा असल्यामुळे मला गटाच्या व्यवस्थापन पानापलीकडे काहीही बदलता येत नाही, आणि दुसऱ्या सेवेवर जाणे सध्या शक्य नाही.

याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपले डीमार्क धोरण (आपल्या नावाने आलेले पत्र पडताळणीत टिकले नाही तर त्याचे काय करावे, हे इतर सेवांना सांगणारा नियम) ‘रिजेक्ट’, म्हणजे ‘नाकारा’, असे केले, त्यामुळे याहूच्या पत्त्यावरून आलेले पत्र गटामार्फत पुढे गेले की जीमेल ते परत पाठवते. खरा अन्याय त्यापुढे होतो. त्या बाऊन्सची, म्हणजे परत आलेल्या पत्राची, नोंद लिहिणाऱ्याच्या नव्हे, तर पत्र न मिळालेल्या सदस्याच्या नावावर होते, आणि अशा पाच दिवसांच्या नोंदी साचल्या की काहीही चूक नसताना त्याला पत्रे जाणे थांबते. ज्येष्ठ सदस्यांना तर हे आठवड्यानंतर कळते.

डीकिम सही (पत्र वाटेत बदलले नाही हे दाखवणारा डिजिटल शिक्का) टिकावी म्हणून विषयातील गटाची खूण आणि पत्राखालची तळटीप मी काढून पाहिली; तरीही काही पत्रे परत आली. एचटीएमएल गाळणारी सोय मजकूर बदलत असावी, परंतु जोडपत्रांच्या धास्तीने ती बंद करण्याचे धाडस होत नाही. चाचणी गटावर ‘मंज फ्रॉम’ ही मेलमनची सोय लावल्यावर सर्व पत्रे पोहोचली. मात्र प्रेषकाच्या जागी गटाचा पत्ता येत असल्याने एखाद्याचे खासगी उत्तर चुकून सर्वांना जाईल, अशी भीती वाटते.

ज्यांनी ‘मंज फ्रॉम’ प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी उत्तराचा पत्ता मूळ लेखकाचा ठेवला की गटाचा, आणि खासगी उत्तरे खासगीच राहिली का?